ल्यूकेमियाचें भाकीत

एडिंबरोचे बेनेट व बर्लिनचे फिरशो या दोघां वैद्यांनीं इ. स. १८४५ सालीं मृत रोग्यांच्या रक्तांत पांढऱ्या पेशींची विलक्षण दाटी पाहिली. फिरशो यांनीं पुढें त्या विकारास ‘ल्यूकेमिया’ हें नांव दिलें. परंतु या रोगाची चाहूल आधीं लागते कीं काय, या प्रश्नाचा नीट विचार होण्यास आणखी एक शतक जावें लागलें.

१९४९ सालीं हॅमिल्टन-पॅटर्सन यांनीं, व १९५३ सालीं अमेरिकेंत ब्लॉक व त्यांचे सहकारी यांनीं, असे रोगी वर्णिले कीं, ज्यांस प्रथम केवळ न हटणारा पांडुरोग किंवा तत्सम रक्तदोष होता व कालांतरानें ल्यूकेमिया जडला. अस्थिमज्जेच्या अशा विकारास ‘पूर्व-ल्यूकेमिया’ म्हणण्याचा प्रघात पडला.

या नांवांत एक तर्कदोष दडलेला होता. ज्यांस ल्यूकेमिया झाला, त्यांचाच पूर्वेतिहास धुंडाळला गेला. ज्यांस तो कधींच झाला नाहीं, ते हिशेबांत आलेच नाहींत. जळालेल्या घरांपुरतीच चौकशी करून ‘धूर दिसला कीं घर गेलेंच’ असें ठरविण्यासारखें हें झालें. वस्तुतः यांतील पुष्कळ रोगी ल्यूकेमिया न होतांच जंतुसंसर्गानें वा रक्तस्रावानें दगावतात. कित्येक वर्षानुवर्षें जगतात. १९८२ सालीं फ्रेंच, अमेरिकन व ब्रिटिश तज्ज्ञांनीं रूढ केलेल्या ‘मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम’ या नांवांत भविष्याचा उच्चारच नाहीं. मज्जेची घडण सदोष आहे, एवढेंच तें सांगतें.

खरी मोजदाद १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. ग्रीनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८१६ रोग्यांचा मागोवा निदानापासून पुढें घेतला. मज्जेंतील अपक्व पेशींचें प्रमाण, गुणसूत्रांतील दोष व रक्तांतील किती घटक उणे, या तीन गोष्टींस गुण देऊन त्यांनीं चार गट पाडले. सौम्य गटांतील चतुर्थांश रोग्यांस ल्यूकेमिया होण्यास ९.४ वर्षें लागलीं. अतितीव्र गटांत अवघे अडीच महिने! २०१२ सालीं हें कोष्टक ७,०१२ रोग्यांच्या आधारें सुधारलें गेलें, आणि २०२२ सालीं त्यांत ३१ जनुकांचे दोषहि जमेस धरले गेले.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. मज्जारोपण हा रोग निर्मूल करूं शकणारा उपाय. परंतु तो स्वतःच जीवावर बेतूं शकतो. तें संकट कोणीं आतांच पत्करावें व कोणीं थांबावें, हें ठरवितांना या आंकड्यांचा आधार घ्यावा लागतो. मात्र आंकडा बोलतो तो गटाविषयीं. चतुर्थांशांत आपण आहों कीं उरलेल्या तीन चतुर्थांशांत, असें रोग्यानें विचारलें तर कोष्टक मुकें राहतें. तेथें वैद्याच्या विवेकास व रोग्याच्या इच्छेसच बोलावें लागतें.