कॉलरबोन मोडलं: झोळी, प्लेट की खिळा?

देवनारहून रेकॉर्ड करतोय, मागे लिंक रोडचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. याच रस्त्यावर बाइकवाले खांद्यावर आपटतात आणि कॉलरबोन मोडतं. मग घरोघरी एकच वाद: हात गळ्यात बांधायचा की ऑपरेशन?

बांधायची बाजू फार जुनी. सुश्रुतसंहितेत या हाडाला 'अक्षक' म्हटलंय. शेक द्या, हाड दबलं असेल तर मुसळाने उचला, वर आलं असेल तर दाबा, आणि घट्ट बांधा.

१९६० मध्ये अमेरिकेत चार्ल्स नीअर यांनी आकडे मांडले. ऑपरेशनशिवाय २२३५ पैकी फक्त ३ हाडं जुळली नाहीत. ऑपरेशन केलेल्या ४५ पैकी २. झालं! पुढे कित्येक वर्षं 'चिरफाड नको' हाच नियम.

पण कुठलाही डेटा आला की आम्ही इंजिनीअर आधी विचारतो, यात आहे कोण? जुन्या अभ्यासांत लहान मुलंही होती, आणि मुलांची हाडं पटकन जुळतात. २००७ मध्ये कॅनडाच्या डॉक्टरांनी फक्त मोठी माणसं घेतली, तीही तुकडे पूर्ण सरकलेली. वर्षभराने प्लेटवाल्या ६२ पैकी २ हाडं जुळली नव्हती, झोळीवाल्या ४९ पैकी ७.

माझ्या मावसभावाच्या वेळी हाच आकडा घरी दाखवला. आजी म्हणाली, "म्हणजे बाकीची ४२ जुळलीच ना?" बरोबर आहे तिचं! पण त्यातली काही वाकडी जुळून दुखत राहिली, हेही खरं.

आता प्लेट की खिळा? प्लेट स्क्रूने पक्की बसते, चुरा झाला तरी हाडाची लांबी धरते. पण कातडीखाली टोचू शकते, टाक्यांखाली बधिरपणा येतो. टायटॅनियमचा लवचिक खिळा हाडाच्या पोकळीतून जातो, छेद छोटा. पण चुऱ्यात हाड आखूड होऊ शकतं, आणि खिळा बहुतेकदा नंतर काढावा लागतो. आपल्याकडे कोपराखालच्या हाडांसाठी वापरतात तो तळवलकर खिळाही असाच पोकळीतून जातो.

म्हणून डॉक्टरांना 'ऑपरेशन करू का?' एवढंच विचारू नका. तुकडे किती, सरकलेत किती, हाड आखूड झालंय का, आणि माझ्या कामाला खांदा किती लागतो, हे विचारा. उत्तर तुमच्या एक्स-रेवर ठरतं, शेजाऱ्याच्या नाही. भेटू पुढच्या भागात!