पेंव, हळद आणि वायदा

वायद्याच्या व्यापारास आरंभ कसा करावा, असा प्रश्न कऱ्हाडकडील आमच्या एका स्नेह्यांनीं नुकताच आम्हांस विचारला. घरची हळद, हातीं थोडी शिल्लक आणि कानीं मुंबईच्या बाजाराच्या गोष्टी, एवढें त्यांचें भांडवल. प्रश्न व्यवहाराचा खरा; पण त्याचें उत्तर आधीं इतिहासांत शोधावें असें आम्हांस वाटलें, कारण हा व्यापार कृष्णाकांठीं परक्या पेठेंतून कालपरवां आलेला नाहीं.

कऱ्हाडास कृष्णेला कोयना मिळते आणि खालीं सांगलीजवळ हरिपुरास वारणा. या दोन संगमांमधल्या प्रदेशांत हळदीचें पीक जुनें आहे. आगगाडी येण्यापूर्वीं कऱ्हाडचा माल कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरे व तेथून गलबतांनीं मुंबईस जाई. पुढें लोहमार्ग झाला आणि हळदीची मुख्य पेठ म्हणून सांगली नांवारूपास आली. वाळवें व तासगांव हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच होते, तेव्हां कऱ्हाडकरास ही पेठ दूरची वाटण्याचें कारण नव्हतें.

सांगलीच्या या मोठेपणाचें अर्धें श्रेय हरिपुरच्या मातीस द्यावें लागेल. तेथील घट्ट जमिनींत तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद अशीं पेंवें खणीत, आंतून पाचट-गवताचें अस्तर देत आणि हळद भरून तोंड मातीनें लिंपून टाकीत. आंत वारा नाहीं, ओल नाहीं, कीड नाहीं. माल वर्षानुवर्षें टिके. पेंव उघडल्यावर माणूस उतरण्यापूर्वीं आंत कंदील सोडून पाहावयाचा. तो विझला तर हवा विषारी समजावयाची. ('पेंव फुटणें' हा वाक्प्रचार आपण आज वाटेल त्या गोष्टीस लावतों, खऱ्या पेंवाशीं आपला परिचय मात्र उरला नाहीं.) माल टिकतो म्हणूनच आज ठरलेल्या भावानें चार महिन्यांनीं तो देण्याचें वचन देतां येतें. ज्याची सांठवण नाहीं त्याचा वायदा हवेंतला.

अशा वचनांचा बाजार जगांत जुना आहे. ओसाका येथील तांदळाच्या बाजारास जपानी सरकारनें १७३० सालीं मान्यता दिली. शिकागोचा धान्यबाजार १८४८ चा. मुंबईंत कापसाच्या व्यापाऱ्यांची संस्था १८७५ सालीं निघाली. त्याआधीं दहा वर्षें, अमेरिकेंतील यादवी संपतांच कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजीं शेअरांचे वायदे चुकते करतांना मुंबईंतील बड्या पेढ्या बुडाल्या. त्या आठवणीमुळें सरकारची दृष्टि वायद्याकडे सदैव साशंक राहिली. कापसाच्या तेजी-मंदीस १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत बंदी झाली. युद्धकाळांत तेलबिया व मसाल्यांचे वायदेहि थांबले. १९५२ च्या कायद्यानें वायदा सरकारी देखरेखीखालीं आला आणि तेजी-मंदी सर्वच मालांत बंद झाली. ज्या थोड्या जिनसांचा वायदा पुढेंहि चालू राहिला त्यांत हळद होती व सांगलीस मसाले-तेलबियांचा स्वतंत्र वायदेबाजार होता. २००३ सालीं बंधनें सैल झालीं, २००४ पासून हळदीचा सौदा देशव्यापी बाजारांत यंत्रावर होऊं लागला आणि २०१७ सालीं तेजी-मंदीस पुन्हां परवानगी मिळाली.

आतां आमच्या स्नेह्यांकडे वळूं. समजा, त्यांनीं ज्येष्ठांत हळद लावली आणि चैत्राचा वायदा क्विंटलास दहा हजारांनीं विकला. भाव आठ हजारांवर आला तर पेठेंत गेलेले दोन हजार वायद्यांत परत मिळतात. बारा हजारांवर गेला तर वायद्यांतील तोटा मालाच्या चढ्या किमतीनें भरून निघतो. कागदावर हिशेब चोख आहे. अडचण इतकीच कीं, वायद्याचा तोटा रोजच्या रोज रोख भरावा लागतो आणि तो भरून काढणारा नफा माघ-फाल्गुनापर्यंत जमिनींत असतो! मार्गशीर्षांत भाव चढला आणि भरण्यास पैसा नसला, तर सौदा तेथेंच तोडला जातो. अंदाज खरा असूनहि शेतकरी बुडतो. व्यापाऱ्यास पेढीचें कर्ज मिळतें, त्यास ही धास्ती नाहीं. या दृष्टीनें पाहतां 'मंदी' लावणें, म्हणजे ठराविक रक्कम एकदां देऊन ठरल्या भावानें विकण्याचा केवळ हक्क घेणें, हेंच शेतकऱ्यास सोईचें. रक्कम गेली तरी त्यापुढें देणें नाहीं. जें त्याच्या उपयोगाचें तेंच जुगार म्हणून पाऊण शतक बंद राहिलें, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

आणखी एक गोष्ट. वायद्याचा भाव निजामाबादच्या हळदीवर बांधलेला असतो. सांगलीची राजापुरी त्याच पावलांनीं चालेल असा नेम नाहीं. शिवाय किमान सौदा टनांत मोजला जातो, गुंठ्यांत शेती करणाऱ्याचा तेथें एकट्यानें निभाव लागत नाहीं.

आणि पेंवांचें काय झालें? २००५ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी हरिपुरच्या पेंवांत शिरलें व आंतली हळद कुजली. त्यानंतर माल गोदामांत व शीतगृहांत जाऊं लागला. बहुतेक पेंवें ओसाड पडलीं.

स्नेह्यांस आम्हीं कळविलें कीं, एक हंगामभर पैसा न लावतां वहींत खोटा सौदा मांडावा आणि रोजचें देणें-घेणें लिहीत जावें. त्यांनीं लागणीपासून वही घातली आहे. आजच्या पत्रांत ते लिहितात कीं, पीक उत्तम आहे, पण वहींतली रोकड दिवाळीपूर्वींच संपली.