आर्नोकाठचे आमचे महाराज

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंड पाहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतील फ्लॉरेन्सला वारले. वय अवघे 20! फ्लॉरेन्स ज्या टस्कनीत आहे, ते 1860 पर्यंत एक वेगळे राज्य होते.

तिथे दहनाची रीत नव्हती. तरी अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो-मुग्नोने संगमावर अग्निसंस्कार झाले. 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिच्यावर चार भाषांत लेख आहेत. परक्या पाहुण्याला त्याच्या रीतीने निरोप द्यायला मोठी दानत लागते.

आम्हा उचगावकरांना संगम म्हटले की प्रयाग चिखली आठवते. परदेशी फिरणाऱ्या लेकरांनो, फ्लॉरेन्सला गेलात तर कासचिने बागेच्या टोकापर्यंत जरूर चालत जा. दोन फुले वाहा.