द्विपाद-चतुष्पाद चाल (टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांतील नियम)

टेबलाभोवती बसून, फासे टाकत रंगवल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत काही प्राणी व पात्रे कधी दोन पायांवर चालतात, कधी चार. या अदलाबदलीचे नियम वेग, तोल आणि ओझे यांचा हिशेब ठेवतात. खरी मेख मात्र हातांत आहे. चार पायांवर उतरले की पल्ला वाढतो, पण तलवार धरायला हात उरत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला. त्याच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, एका पाळीत 30 फूट जातो आणि लांडग्याच्या रूपात 40 फूट. रूप बदलण्यातच त्या पाळीची कृती खर्ची पडते. दहा फूट जास्त मिळवायचे तर सहसा हल्ल्यावर पाणी सोडावे लागते. बारघेस्ट हा राक्षस याहून चपळ: गॉब्लिनच्या वेषात 30 फूट, मूळ रूपात 60.

तोलाचे नियम आधीच्या आवृत्त्यांत अधिक काटेकोर होते. 2003 च्या 3.5 आवृत्तीत दोनहून जास्त पाय असलेल्याला पाय अडकवून पाडू पाहिले, तर त्याला 4 गुणांचा आधार मिळे. 2009 च्या ‘पाथफाइंडर’ने दर जादा पायामागे 2 गुण ठरवले. चार पायांना त्यामुळे तेवढेच 4 मिळतात, पण गोमेला पाडणे जवळपास अशक्य होते. (सापाला पायच नाहीत, तेव्हा तो या डावात पडतच नाही.) ओझ्याबाबत 3.5 मध्ये मोठ्या आकाराचा द्विपाद सामान्य माणसाच्या दुप्पट वाहतो, तर चतुष्पाद तिप्पट.

सगळ्यात सडेतोड हिशेब ‘गर्प्स’चा. स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या या खेळात (1986, चौथी आवृत्ती 2004) उणिवा स्वीकारल्या की पात्र घडवायला गुण परत मिळतात. चिंपांझीसारखी अर्धवट ताठ ठेवण उणे 5 गुणांची. असे पात्र उभे राहून हात वापरू शकते, पण पूर्ण वेगाने धावायला त्याला चारही अवयव टेकावे लागतात. मांजरासारखी आडवी ठेवण उणे 10. घोड्यासारख्या पूर्ण चतुष्पादाची बेरीज उणे 35 होते: जादा पायांचे अधिक 5, आडव्या ठेवणीचे उणे 10 आणि बारीक काम करणारे हात नसल्याचे तब्बल उणे 30.

‘वेअरवुल्फ: द अपोकॅलिप्स’ (व्हाइट वुल्फ, 1992) दोन टोकांमध्ये पाच रूपे ठेवतो. त्यांतले उभे, धिप्पाड क्रिनोस बळाला 4 गुण जोडते; चार पायांचे ल्यूपस केवळ 1 जोडते, पण चपळाईत क्रिनोसच्या पुढे जाते. फासे टाकण्याऐवजी ‘रेज’चा, म्हणजे संतापाचा एक गुण खर्चला की रूप तत्क्षणी बदलते. नाट्य आणि हिशेब यांचा असा मेळ इतरत्र क्वचितच बसला आहे.

रूप न बदलता नुसतीच ठेवण बदलणारे प्राणी मात्र बहुधा दुर्लक्षित राहतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या पुस्तकात तपकिरी अस्वलाचा जमिनीवरचा वेग 40 फूट एवढाच दिला आहे, ते मागच्या पायांवर उभे राहिले तर काय करायचे, हे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने ठरवायचे असते.