गोष्टीला विचारलेले प्रश्न

'कथेच्या शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा.' मराठीच्या पेपरात हा प्रश्न दिसला की विद्यार्थ्याला हायसे वाटते. उत्तर ठरलेले असते: शीर्षक अत्यंत समर्पक आहे. ते मुळीच समर्पक नाही असे लिहून गुण मिळवणारा बहाद्दर अजून कुणाच्या पाहण्यात नसावा. याच प्रश्नाच्या आगेमागे आणखी काही ओळखीची मंडळी उभी असतात. कथेतून मिळणारा बोध. मुख्य पात्राचे स्वभावचित्र. कथेचा परिणामकारक शेवट. लेखकाची भाषाशैली. एकाच मास्तरांनी एका बैठकीत काढल्यासारखे हे प्रश्न वाटतात, पण त्यांची वये वेगवेगळी आहेत. जुन्या वाड्याची भिंत उकलली की खाली काळा दगड, वर पांढरी माती, त्याच्यावर भाजलेली वीट आणि अगदी वर सिमेंटचा गिलावा निघतो, तसा हा पेपर आहे. मराठी माणसाने शंभर-सव्वाशे वर्षांत गोष्टीला काय काय विचारले, त्याचे थर त्यात बसले आहेत.

सगळ्यांत खालचा थर बोधाचा. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. नाव करमणुकीचे असले, तरी वाचकाला हसवत-रिझवत चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या हा त्यांचा हेतू लपलेला नव्हता. त्यांनी लिहिलेल्या लहान गोष्टी पुढे 'स्फुट गोष्टी' म्हणून एकत्र झाल्या. 'स्फुट' म्हणजे सुटी, किरकोळ. कादंबरी हे खरे काम आणि गोष्ट ही मधल्या वेळेतली, असा तो भाव होता. पण त्याच आपट्यांची दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट मराठी कथेचा कुठलाही इतिहास टाळू शकत नाही.

या काळात गोष्टीचे विश्लेषण कुणी करत नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून 'निबंधमाले'त टीकेची तलवार परजली होती, पण तिच्या धारेखाली यायचे ते ग्रंथ, कवी आणि विद्वान. गोष्ट त्या मानाला पोचलेली नव्हती. तिच्याबद्दल विचारायचे ते एवढेच, की यातून घ्यायचे काय? हा प्रश्न आज बाळबोध वाटतो. मात्र तो विचारणाऱ्याचे कान कीर्तनातल्या उत्तररंगावर आणि श्रावणातल्या कहाण्यांवर तयार झालेले होते. कहाणीच्या शेवटी फळ सांगितलेले असतेच. ते न सांगता उठून जाणारा कथेकरी त्याला अर्धवट वाटला असता.

दुसरा थर संपादकांनी घातला, तोही टीका म्हणून नव्हे, धंद्याची सोय म्हणून. काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' मासिक 1895 मध्ये निघाले आणि 1909 मध्ये त्याने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. मासिकांतून कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने येत. त्यामुळे एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणाऱ्या मजकुराला 'संपूर्ण गोष्ट' म्हणू लागले. नावात कलेचा दावा नाही, फक्त ग्राहकाला दिलेली हमी आहे: पुढच्या महिन्याची वाट पाहावी लागणार नाही. पण लांबी ठरली की रचनेचा विचार आपोआप येतो. वि. सी. गुर्जरांनी अशा शेकडो गोष्टी लिहिल्या. त्यांतल्या गैरसमजांच्या आणि योगायोगांच्या गुंतवळ्यात वाचक 'पुढे काय?' एवढे विचारत पाने उलटत असे.

मग 1922 मध्ये दिवाकर कृष्णांची 'अंगणातला पोपट' आली आणि 'पुढे काय?' हा प्रश्न हातात तसाच राहिला. घडते थोडे, मनात हलते जास्त, असा तो लेखनाचा ढंग. हैदराबादेत वकिली करणाऱ्या या माणसाने लिहिले मोजकेच. 1927 च्या त्यांच्या संग्रहाचे नाव 'समाधी व इतर सहा गोष्टी', अगदी वाण्याच्या यादीसारखे हिशेबी. शीर्षकाची समर्पकता तपासायची हौस असलेल्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

पेपरातला 'परिणामकारक शेवट' मात्र थेट ना. सी. फडक्यांच्या घरचा आहे. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांचे 'प्रतिभासाधन' 1931 मध्ये प्रसिद्ध झाले आणि कथा-कादंबरी हे शिकता येण्याजोगे, सुटे करून दाखवता येण्याजोगे काम आहे, हे मराठीत पहिल्यांदा इतके ठासून मांडले गेले. सुरुवात वाचकाला पकडणारी हवी, निरगाठ बसली पाहिजे, गुंतागुंत वाढत गेली पाहिजे, उकल अनपेक्षित पण पटणारी हवी, आणि शेवटी एक कलाटणी. साऱ्या कथेचा मिळून मनावर एकच ठसा उमटावा. या शेवटच्या कल्पनेचे मूळ अमेरिकेत होते. एडगर ॲलन पो याने 1842 मध्ये नॅथॅनियल हॉथॉर्नच्या गोष्टींवर लिहिताना ती मांडली होती, आणि पुढे ती कथालेखन शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांचा पायाच बनली. फडक्यांनी ती मराठीत अशी रुजवली, की परकी आहे हे पुढच्या पिढीला आठवलेही नाही. 'गोष्ट' जाऊन 'लघुकथा' हे नाव रुळले ते याच काळात.

फडक्यांच्या तंत्राची टर उडवणे पुढे फॅशन झाले. ते थोडे कृतघ्नपणाचे होते. तंत्राच्या नावाखाली साच्यातल्या गणपतींसारख्या कथा निघाल्या हे खरे, पण कथा उघडून आत पाहायला मराठी वाचक शिकला तो या माणसामुळे. पात्र, प्रसंग, संवाद, वातावरण, निवेदन असे भाग वेगळे काढून त्यांच्याबद्दल बोलता येते, ही सवय त्यांनी लावली. कथेचे रसग्रहण लिहिणारा आजचा विद्यार्थीही याच खणांच्या कपाटात आपले सामान लावतो. गंमत म्हणजे 'रसग्रहण' हा शब्द आला नाटक आणि कवितेच्या शास्त्रातून. आत माल भरला गेला तो फडक्यांचा.

त्याच दशकात कला कलेसाठी की जीवनासाठी, हा फडके-खांडेकर वाद रंगला. त्यावर इतके लिहिले गेले आहे की इथे पुन्हा नको. एवढेच, की त्या वादात दोन्हीकडचे लोक कथांबद्दल कमी आणि तत्त्वांबद्दल जास्त बोलत होते.

कथेवरून नजर कशी घसरते याचा त्याहून बोलका दाखला 1933 चा आहे. विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह निघाला. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्नाच्या आणि घराच्या कोंडीत सापडलेल्या तरुणींच्या या कथा होत्या. वादळ उठले. पण चर्चा कशाची? तर ही बाई कोण याची. टोपणनावामागे खरी बाई आहे की कुणी पुरुष, लिहिले ते अनुभवाचे की कल्पनेचे, याचा शोध लागला पाहिजे म्हणून लोक हातघाईवर आले. त्या मालती बेडेकर आहेत हे पुढे कळले. 'मी' म्हणून बोलणारे पात्र वेगळे आणि लेखणी धरणारा हात वेगळा, हा भेद आज कथेच्या विश्लेषणाचा पहिला धडा मानतात. तेव्हा एका बाईच्या पुस्तकाला त्या भेदाचा फायदा द्यायला कुणी तयार नव्हते. आता तरी देतात का, हे एखाद्या लेखिकेला विचारून पाहावे.

दुसरे महायुद्ध संपता संपता कथा पुन्हा नाव बदलते. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही चार नावे 'नवकथा' म्हणून एका दमात घेतली जातात, जरी चौघांचे एकमेकांशी जमण्यासारखे फार थोडे होते. गाडगीळांचा 'मानसचित्रे' 1946 चा, माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' 1949 ची. फडक्यांची फूटपट्टी या कथांना लागेना. गाडगीळांच्या कथेत निरगाठ शोधू जावे तर हाती लागते ती मुंबईतली एक उदास संध्याकाळ. माडगूळकरांचा झेल्या वाचून लोक विचारू लागले, की ही कथा आहे की व्यक्तिचित्र? कलाटणी कुठे आहे? या प्रश्नांना उत्तरे द्यायला टीकाकार कमी पडले, तेव्हा अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेले गाडगीळ स्वतःच टीका लिहायला बसले. 'खडक आणि पाणी' हे त्यांचे पुस्तक त्यातून झाले. आपल्या मालाचे वजन करायला तराजूही आपणच घडवायचा, असा हा प्रकार होता. त्यात धोका उघड आहे, पण दुसरा तराजू बाजारात नव्हता.

अगदीच नव्हता असे नाही. नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे कथाही लिहीत आणि टीकाही. त्यांच्या समीक्षालेखांच्या पुस्तकाचे नाव 'पासंग'. दोन पारड्यांतला फरक भरून काढायला जे लहानसे वजन टाकतात, ते पासंग. समीक्षकाने आपल्या कामाला दिलेले इतके नम्र आणि इतके नेमके नाव मराठीत दुसरे सापडणे कठीण. 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. हा मान मिळवणारी पहिली स्त्री त्याच.

या काळाचा लाडका शब्द 'घाट'. घाट भांड्याचा असतो, दागिन्याचा असतो. तांब्या आणि कळशी यांचे पितळ एकच, वेगळा असतो तो घाट. कथेत काय सांगितले यापेक्षा ते कशा आकाराला आले हे पाहायचे, ही दृष्टी त्या एका शब्दात आली. तिच्यामागे बा. सी. मर्ढेकरांचा लयविचार होता: संवाद, विरोध आणि समतोल या नात्यांनी कलाकृतीतले घटक एकमेकांना बांधलेले असतात. हा विचार कथेच्या टेबलावर उतरवला तो 'सत्यकथा' मासिकाने. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक हस्तलिखिते बारकाईने वाचत आणि लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत. एखादा प्रसंग का सैल पडतो, शेवटचा परिच्छेद का नको, निवेदकाला हे कळले कसे, असली ही चर्चा. मराठी कथेची अस्सल समीक्षा छापील लेखांइतकीच या टपालातून झाली, आणि तीही कथा छापून येण्याआधी. साभार परत आलेल्या कथेबरोबरचे असे पत्र जपून ठेवणारे लेखक कमी नव्हते.

पण ज्यांची कथा परत आली आणि घाटाची भाषा ज्यांना आपली वाटली नाही, त्यांचा राग साठत होता. 1969 मध्ये लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी गिरगावात 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. भालचंद्र नेमाड्यांनी तर कथा या प्रकारालाच दुय्यम ठरवले. त्यावर उठलेला गदारोळ अजून पुरता निवलेला नाही. दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी होते. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या, सभा-संमेलने टाळणाऱ्या या लेखकाची कथा दृष्टान्तासारखी लांबत, गडद होत गेली. 'काजळमाया'ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाल्यावर जीएंनी तो परत केला. इतक्या गूढ कथांच्या पुस्तकाचा वाद अडला कशावर, तर पहिल्या पानावरच्या सनावळीवर.

घाटाच्या भाषेला सर्वांत अवघड पेपर मात्र त्याआधीच घातला गेला होता. 1963 मध्ये बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. शीर्षककथेतला निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो, जात लपवून सवर्णाच्या घरी खोली घेतो, कविता करणारा एक सहकारी त्याला गुरू मानू लागतो, आणि जात कळल्यावर त्याला बेदम मारहाण होते. शेवट कसा हे फडक्यांच्या पद्धतीने विचारले, तर कलाटणी नाहीच, कारण गुपित शीर्षकातच फोडलेले आहे. वाचकाला पहिल्या ओळीपासून सगळे ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त केव्हा, हे. बोध विचारावा, तर बोध निवेदकाने घ्यायचा की मारणाऱ्यांनी? आणि घाट पाहू जावे, तर त्या कथेतली भडक, उसळती भाषा घाटाच्या बाहेर सांडते. ती सांडणे हाच तिचा आकार आहे हे म्हणायला टीकेला वेळ लागला. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' 1996 मध्ये आले.

म्हणून शीर्षकाच्या समर्पकतेचा तो घिसापिटा प्रश्न एकदा या कथेला विचारून पाहावा. 'चोरली' हे क्रियापद आधी डोळ्यांत भरते. चोरी होते ती दुसऱ्याच्या मालाची. इथे लपवलेली वस्तू स्वतःचीच आहे, तरी चोर ठरतो तोच. 'होती' या शब्दामुळे सारे घडून गेलेले आहे, सांगणारा वाचलेला आहे. आणि सुरुवातीचा 'जेव्हा'. मराठीत 'जेव्हा' म्हटले की 'तेव्हा' यावे लागते, नाहीतर वाक्य लोंबकळत राहते. बागुलांनी मुखपृष्ठावर अर्धेच वाक्य छापले. त्याचा 'तेव्हा' आतल्या पानांवर आहे.