डेव्ह पॅकेज (लिनक्स)

लिनक्सवर एखादी लायब्ररी वापरून सॉफ्टवेअर कंपाइल करण्यासाठी लागणाऱ्या फाइलींचे पॅकेज. तयार प्रोग्रॅम चालवायला ते लागत नाही. सोर्स कोडमधून बिल्ड करताना मात्र ते नसले की काम अडते.

विभागणी : डेबियन आणि उबुंटूत लायब्ररीची चालती .एसओ फाइल एका पॅकेजात असते. हेडर फाइली, लिंकरला लागणारा दुवा आणि पीकेजी-कॉन्फिग वाचते ती .पीसी फाइल नावाअखेर ‘-डेव्ह’ असलेल्या दुसऱ्या पॅकेजात असतात. फेडोरात ही अखेर ‘-डेव्हल’ अशी होते. म्हणूनच लायब्ररी मशीनवर असूनही बिल्डआधी तपासणी करणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट ‘सापडली नाही’ म्हणते, आणि नवखा माणूस तेच पॅकेज पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

शोध : पडद्यावर शेवटी दिसणारी ओळ बहुधा परिणाम सांगते; मूळ कारण पहिल्या एररमध्ये असते. हेडर मिळाले नसेल तर ‘एपीटी-फाइल सर्च’ आणि फेडोरात ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ ते कोणत्या पॅकेजात आहे ते सांगतात. कॉन्फिगरने नेमके काय तपासले ते कॉन्फिग.लॉगमध्ये नोंदलेले असते. तेच सॉफ्टवेअर डिस्ट्रोतही असेल, तर सोर्सची रेपो सुरू करून ‘एपीटी बिल्ड-डेप’ दिल्यास बहुतेक डिपेंडन्सी एकदम येतात. नव्या आवृत्तीला जास्तीचे काही लागले तर तेवढे हाताने टाकावे. कुठल्यातरी साइटवरून सुटी .एसओ फाइल उतरवून सिस्टिमच्या फोल्डरात टाकणे हा उपाय नव्हे. त्याने इतर प्रोग्रॅमही बिघडू शकतात.

मराठीतील उदाहरण : छापील पान ओळखून त्याचा मजकूर करणारे टेसरॅक्ट ह्यूलेट-पॅकार्डने १९८५ ते १९९४ या काळात घडवले, २००५ मध्ये ते खुले झाले. ते मराठीही वाचते. जुन्या पुस्तकांचेच पाहा : ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ ची. त्या काळच्या पुस्तकाचे स्कॅन केलेले पान ठाण्यातल्याच टेंभी नाक्यावरच्या एखाद्या वाचकाला घरी शोधण्याजोगे करायचे असेल आणि त्यासाठी टेसरॅक्ट सोर्समधून बिल्ड करायचे असेल, तर पहिली अडचण टेसरॅक्टला लागणाऱ्या लेप्टोनिका या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीची येते. हेडरचे नाव ऑलहेडर्स.एच, पॅकेजचे लिबलेप्टोनिका-डेव्ह. नावावरून अंदाज बांधता येत नाही, शोधावेच लागते.

दुसरी उणीव गुपचूप राहते. आयसीयू, पँगो आणि कैरो या लायब्रऱ्यांची डेव्ह पॅकेजे नसली तरी टेसरॅक्ट बिल्ड होते. फक्त प्रशिक्षणाची साधने वगळली जातात, आणि कॉन्फिगर ते शेवटी एका सूचनेत सांगते. शिशाच्या खिळ्यांच्या वळणाशी जुळणारा फाँट घेऊन टेसरॅक्टला जुनी छपाई शिकवायची, तर नमुन्याची पाने याच साधनांनी तयार होतात. ‘क्ष’, ‘त्र्य’ यांसारखी जोडाक्षरे तिथे पँगो जुळवते. त्यामुळे मराठीसाठी काम करणाऱ्याने बिल्ड एररशिवाय पार पडले तरी कॉन्फिगरची शेवटची सूचना वाचूनच पुढे जावे.