एका नावाखालचे अनेक आजार

व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी एका ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढला आणि उरलेले जठर लहान आतड्याला जोडले. अशी शस्त्रक्रिया प्रथमच यशस्वी झाली होती. बाई त्यातून बऱ्या झाल्या. पण सुमारे चार महिन्यांनी याच रोगाने दगावल्या. पुढे शस्त्रक्रिया खूप सुधारल्या, तरी एक कोडे उरलेच. रोगाचे नाव तेच, उपचारही तेच. मग एक रुग्ण कित्येक वर्षे जगतो आणि दुसरा काही महिन्यांत का जातो?

उत्तराची एक महत्त्वाची पायरी सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. फिनलंडचे पेक्का लाउरेन यांनी १९६५ मध्ये १,३४४ गाठींच्या अभ्यासातून दोन मुख्य प्रकार मांडले. ५३ टक्के गाठींत पेशी एकमेकींना धरून आतड्यात दिसतात तशा नलिका रचत होत्या. हा ‘आंत्र’ प्रकार. ३३ टक्के गाठींत त्या सुट्या होऊन जठराच्या भिंतीत पसरत होत्या. हा ‘विखुरलेला’ प्रकार. बाकीच्या गाठी या दोहोंत नीट बसत नव्हत्या. पण पेशी सुट्या का होतात, हे नुसते पाहून कळणार नव्हते.

ते कळले न्यूझीलंडमध्ये. तेथील एका माओरी कुटुंबातील पंचवीसहून अधिक माणसे तीस वर्षांत या विखुरलेल्या कर्करोगाने गेली होती, काही तर ऐन तारुण्यात. कुटुंबानेच पुढाकार घेऊन शास्त्रज्ञांची मदत मागितली. ओटागो विद्यापीठाचे पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दोष शोधला. तो ई-कॅडहेरिन या प्रथिनाच्या जनुकात होता. हे प्रथिन पेशींना एकमेकींशी जोडून ठेवते. भिंतीतला चुना निघाला की विटा सुट्या होतात, तसेच हे. सदोष जनुक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. आता चाचणी करता येऊ लागली. ज्यांच्यात दोष नव्हता त्यांची या वारशाच्या भीतीतून सुटका झाली; ज्यांच्यात होता त्यांच्यापैकी काहींनी रोग बळावण्याआधीच जठर काढून घेतले.

अमेरिकेच्या ‘कॅन्सर जिनोम ॲटलस’ प्रकल्पाने २०१४ मध्ये २९५ गाठींचे रेणू तपासून चार गट केले. सुमारे ९ टक्के गाठींत एप्स्टाइन-बार विषाणू होता. २२ टक्क्यांत डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. २० टक्के गाठी जनुकीयदृष्ट्या स्थिर होत्या. विखुरलेला प्रकार त्यांत अधिक आढळला. निम्म्या गाठींत गुणसूत्रांची मोडतोड झाली होती.

मग रुग्णाचे काय? आशियाई संशोधक गटाने २०१५ मध्ये ३०० गाठींची, थोडी वेगळी, चार गटांची विभागणी मांडली. तीत दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेल्या गटातील रुग्ण सर्वाधिक जगले, तर ज्या गाठींतील पेशींनी आपसातली पकड सोडून फिरस्त्या पेशींचे रूप घेतले होते, त्यांचे रुग्ण सर्वांत कमी. पहिल्या गटाच्या गाठींत चुका इतक्या साचतात की शरीराच्या संरक्षक पेशींना त्या परक्या म्हणून ओळखता येतात. म्हणूनच प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारी औषधे या गटात विशेष उपयोगी पडतात.

अर्थात गट म्हणजे रुग्णाची पत्रिका नव्हे. रोग किती लवकर सापडला यावर आजही फार काही अवलंबून असते. पण वर्गीकरण हा केवळ पाठांतराचा विषय आहे असे एखादा विद्यार्थी म्हणाला, तर आपण त्याला त्या माओरी कुटुंबाची गोष्ट जरूर सांगावी.